नाग, धामण आणि एक लंगडी व्याख्या

सापांवर व्याख्यान झाले की मागच्या बाकावरून एक प्रश्न हमखास येतो : धामण ही नागाची मादी असते ना? याचे उत्तर सोपे आहे. नागांत नर-मादी असतात, धामणींतही असतात. बांधावर एकमेकांना पीळ घालणाऱ्या ज्या जोडीला आपण ‘सापांचे लगीन’ म्हणतो, ते बहुधा दोन नर धामणींचे झुंजणे असते.

अडचण पुढच्या प्रश्नाला येते : मग त्यांचा संकर का होत नाही? येथे आपण क्रमिक पुस्तकाचा आधार घेतो. ज्यांच्यात संकर होऊन जननक्षम संतती होत नाही त्या वेगळ्या जाती. नाग व धामण वेगळ्या जाती, म्हणून संकर नाही. आम्हीही अनेक वर्षे हेच सांगत आलो. पण हे उत्तर नव्हे, प्रश्नच उलटा करून परत दिला आहे. शिवाय ते खोटेही ठरते.

अमेरिकेतील साप पाळणाऱ्यांनी कॉर्न स्नेक आणि कॅलिफोर्निया किंगस्नेक यांचा संकर केला आहे. जातीच काय, या सापांच्या प्रजातीही वेगळ्या. (किंगस्नेक इतर सापांना खातो, तेव्हा जोडी जमवणाऱ्याच्या धीराचे कौतुकच!) तरीही त्यांची पिल्ले वांझ नसतात. फ्लोरिडात माजलेल्या सुमारे 400 ब्रह्मी अजगरांची जनुकीय तपासणी 2018 साली प्रसिद्ध झाली. त्यांतील 13 अजगरांत आपल्या भारतीय अजगराच्या खुणा सापडल्या.

अर्न्स्ट मायर यांनी 1942 मध्ये जातीची व्याख्या केली, तीत भर होता तो निसर्गातील समूहांवर. पिंजऱ्यात काय घडवता येते, हा तिचा विषय नव्हता. पाठ्यपुस्तकांनी नेमका ‘निसर्गात’ हा शब्द गाळला आणि व्याख्या लंगडी झाली.

विद्यार्थ्याला कारणे सांगावीत. मादीच्या त्वचेवरील गंधद्रव्ये सहसा स्वजातीच्या नरालाच ओढतात. नराच्या जोडइंद्रियांची घडण जातीगणिक वेगळी असते. नाग आणि धामण यांची तर कुलेच निराळी. त्यांच्या वाटा कोट्यवधी वर्षांपूर्वी फुटल्या. अजगरांच्या त्या दोन जाती मात्र इतक्या जवळच्या, की 2009 पर्यंत ब्रह्मी अजगर ही भारतीय अजगराचीच उपजाती मानली जात होती.