पंडित भातखंडे आणि मध्ययुगीन संगीतग्रंथ

विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांचे नाव बहुधा दहा थाट, स्वरलिपी आणि 'क्रमिक पुस्तकमालिका' यांच्या संदर्भात घेतले जाते. त्यामुळे मध्ययुगीन संगीतग्रंथांचे संशोधक या नात्याने त्यांनी केलेले कार्य काहीसे मागे पडले आहे. वस्तुतः त्यांच्या पद्धतीचे गुण आणि दोष या दोहोंचे मूळ त्या कार्यातच सापडते.

मुंबईत वकिलीचे शिक्षण घेतलेल्या या विद्वानाने १९०४ मध्ये दक्षिणेचा प्रवास केला. तेथे व्यंकटमखीच्या 'चतुर्दण्डिप्रकाशिका' या ग्रंथाचा आणि त्यातील ७२ मेलांच्या योजनेचा त्यांना निकट परिचय झाला. पुढे रामामात्य, पुंडरीक विठ्ठल, सोमनाथ, लोचन, अहोबल, हृदयनारायण आणि भावभट्ट यांचे ग्रंथ त्यांनी एकमेकांशी ताडून पाहिले. पंधराव्या ते अठराव्या शतकांतील संगीतपद्धतींचा त्यांचा तौलनिक अभ्यास हे या परिश्रमाचे फळ होय.

या अभ्यासात वकिलाची दृष्टी स्पष्ट दिसते. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने लिहिलेल्या 'संगीतरत्नाकरा'विषयी सर्वत्र अपार आदर होता; परंतु त्यातील शुद्ध स्वरसप्तक कोणते, हे निर्विवादपणे दाखविता येत नव्हते. जे सिद्ध होत नाही त्यावर आजच्या रागांची इमारत उभारू नये, असा भातखंडे यांचा आग्रह होता. याउलट अहोबलाच्या 'संगीतपारिजाता'त स्वरस्थाने तारेच्या लांबीवरून सांगितली आहेत. ३६ इंचांची तार घेतल्यास १८ इंचांवर तार षड्ज, २७ इंचांवर मध्यम आणि २४ इंचांवर पंचम येतो. षड्ज व पंचम यांच्या मध्यावर, म्हणजे ३० इंचांवर, गांधार येतो. हा शुद्ध म्हटलेला गांधार आजच्या परिभाषेत कोमल ठरतो. अर्थात अहोबलाचे शुद्ध सप्तक आजच्या बिलावलाचे नसून काफीच्या जवळचे आहे. संज्ञा तीच राहते, स्वर मात्र बदलतो, हे येथे मोजून दाखविता येते.

येथवर भातखंडे यांची भूमिका अभेद्य वाटते. पुढे मात्र एक गंभीर प्रश्न उपस्थित होतो. १९१० मध्ये त्यांनी 'चतुरपंडित' या नावाने 'श्रीमल्लक्ष्यसंगीतम्' हा संस्कृत ग्रंथ रचला आणि निराळ्या नावाने लिहिलेल्या 'हिंदुस्थानी संगीतपद्धती'मध्ये गुरु-शिष्यांच्या मराठी संवादांतून त्याचेच आधार दिले. इतरांकडे पुरावा मागणाऱ्याने स्वतःच्याच ग्रंथाला साक्षीदार करावे, ही विसंगती नाकारता येत नाही. संस्कृत वचनाशिवाय शास्त्राला मान मिळणार नाही, अशी तत्कालीन विद्वत्समाजाची धारणा लक्षात घेतली तर ही युक्ती समजू शकते. तिचे समर्थन मात्र होत नाही.

तथापि ग्रंथाच्या नावातच त्याचा उलगडा आहे. लक्ष्य म्हणजे प्रचारातील गायन. लक्षण त्याच्या मागून यावयाचे. मध्ययुगीन ग्रंथकारांनीही आपापल्या काळातील रागांसाठी नवी वर्गीकरणे केली होती. भातखंडे यांनी त्यांच्या निष्कर्षांपेक्षा त्यांचा हा मार्ग स्वीकारला आणि आपल्या काळातील रागांसाठी दहा थाट निवडले.

हीच कसोटी त्यांच्या थाटांनाही लावली पाहिजे. मधुवंती, पटदीप किंवा अहीर भैरव यांचे स्वर या दहांपैकी कोणत्याही एका थाटात नीट बसत नाहीत. तरीही अनेक पाठ्यपुस्तकांत हे राग कोणत्या ना कोणत्या थाटाखाली घातले जातात. लक्ष्य पुढे गेले असता लक्षण तेथेच ठेवणे हे भातखंडे यांच्या नावाने चालत असले, तरी त्यांच्या पद्धतीच्या विरुद्ध आहे. त्यांनी अहोबलाला जशी तार लावून पाहिली, तशी त्यांच्या ग्रंथांनाही लावून पाहणे हाच त्यांच्या विद्वत्तेचा खरा वारसा होय.