'ठरले' आणि 'ठरवले'

तुळशीचे लग्न लागले की घरोघरी एक प्रश्न ऐकू येऊ लागतो : 'काय, ठरलं का?' काय ठरले ते सांगावे लागत नाही. प्रश्न कोणाच्या तरी लेकीविषयी असतो, आणि उत्तर बहुधा तिच्याऐवजी दुसरेच कोणीतरी देते.

आधी केलेल्या बोलीला आणि बेताला मराठीत शब्दांचा तोटा नाही. घर घेताना विसार द्यावा लागतो, सावकाराशी वायदा होतो, सभेत ठराव होतो, मित्रांचा सहलीचा बेत असतो आणि चोरांचा कट. 'करार' आणि 'वायदा' हे शब्द अरबी मुळाचे. फारसीच्या वाटेने ते आपल्याकडे आले आणि घरचेच झाले. यातला कोणताही शब्द उच्चारला की मागे उभी असलेली माणसे दिसतात. कोणी कोणाला बांधून घेतले, ते कळते.

लग्नाच्या बाबतीत मात्र आपण 'ठरणे' हे अकर्मक क्रियापद पसंत करतो. 'लग्न ठरले' या वाक्यात लग्न हेच कर्ता. ठरवणारी माणसे वाक्याबाहेर आरामात बसलेली असतात. व्याकरण शिकवताना माझा असा अनुभव आहे की हा भेद मुलांना न शिकवताच येतो. खिडकीची काच 'फुटली' असे सारा वर्ग सांगतो. 'फोडली' म्हणणारा एखादाच निघतो. मोठी माणसेही तेच करतात. आपला जुना 'वाङ्निश्चय' घ्या. शब्दाने केलेला निश्चय, असा त्याचा अर्थ. पण तो शब्द वधूचा नसे. तिच्या वडिलांनी वराच्या वडिलांना दिलेला असे.

हे ध्यानात ठेवून गोविंद बल्लाळ देवलांचे 'संगीत शारदा' पाहावे. १८९९ साली ते रंगभूमीवर आले. जरठ-कुमारी विवाहावरचे नाटक म्हणून आपण ते ओळखतो आणि पदांसाठी आठवतो. मला त्याचे खरे बळ दिसते ते 'ठरण्या'मागची माणसे उजेडात आणण्यात. पैशासाठी पोटची पोर देऊ करणारा कांचनभट, बोहल्यावर चढायला आसुसलेला म्हातारा भुजंगनाथ आणि दोघांमध्ये सौदा जुळवणारा भद्रेश्वर दीक्षित असे तिघे आपल्यासमोर बोलत राहतात. बोलणे साधे, घरगुती, विनोदी. प्रेक्षक हसतो, आणि हसता हसता 'लग्न ठरले' या वाक्यातला हरवलेला माणूस त्याला सापडतो. समाजसुधारणेवरच्या कित्येक व्याख्यानांना जे साधले नाही, ते देवलांनी नुसत्या संवादांनी साधले.

तरीही या नाटकाच्या शेवटाकडे मला अडखळायला होते. ते लग्न मोडते ते शारदा नको म्हणते म्हणून नव्हे. वधूवर सगोत्र निघतात म्हणून. एक ठरलेली गोष्ट मोडायला तिच्याहून जुनी ठरलेली गोष्ट लागली! आपले 'मोडणे' हे क्रियापदही मोठे सोयीचे आहे. लग्न आपोआप मोडले तरी 'मोडले', आणि कोणी मोडले तरी 'मोडले'च. देवलांच्या बाजूने म्हणता येईल की मांडवातल्या मंडळींना गप्प करील असे कारण त्यांना हवे होते. मुलीचा नकार त्या काळी कोणी कारण मानला नसता. हे म्हणणे खरे आहे. पण त्यामुळे नाटकातली उणीव भरून निघत नाही. शारदा सुटली, तिचा शब्द मात्र जमेस धरला गेला नाही.

या उणिवेशेजारी हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो!' ठेवून पाहावी. १८९० साली ती 'करमणूक' पत्रातून येऊ लागली, म्हणजे 'शारदे'च्याही आधी. यमूचे लग्न लहानपणीच ठरते, आणि ते मोडत नाही. परंतु सारी हकिकत हरिभाऊंनी यमूच्याच तोंडून वदवली. ठरवताना जिला कोणी विचारले नाही, तिनेच पुढे प्रत्येकाचे वागणे सांगून टाकावे, ही योजना मला शारदेच्या सुटकेपेक्षा खोल वाटते. १९३३ साली विभावरी शिरूरकर या टोपणनावाने बाळूताई खरे, म्हणजेच पुढच्या मालतीबाई बेडेकर, यांचे 'कळ्यांचे निःश्वास' आले. त्यातल्या मुली शिकलेल्या, स्वतः ठरवू पाहणाऱ्या. 'ठरवणार कोण?' हा प्रश्न तोवर 'ठरवू देणार कोण?' इथपर्यंत आला होता.

कायदा या शब्दांमागून चालत आला. १९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला लोक 'शारदा कायदा' म्हणत. ते नाव नाटकावरून पडलेले नव्हे, हरबिलास सारडा यांच्यावरून पडलेले. त्या कायद्याने मुलीचे किमान वय १४ केले. १९७८ च्या दुरुस्तीने ते १८ झाले. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याने तर हुंड्याचा करारच रद्दबातल केला. तरी 'देण्याघेण्याचं काय ठरलं?' हा प्रश्न बैठकीतून गेलेला नाही, आणि त्यातही ठरवणारा दिसत नाहीच.

भाषेला दोष देण्यात अर्थ नाही. तिच्यापाशी 'ठरणे' आहे तसे 'ठरवणे'ही आहे. कोणते उचलायचे ते आपल्या हाती. म्हणून वाचकांना एवढेच सुचवावेसे वाटते : घरात तो नेहमीचा प्रश्न आला, तर उत्तर जिचे तिला देऊ द्यावे. आणि सुट्टीत हाती घेतलेल्या कादंबरीत 'मग लग्न ठरले' एवढे लिहून लेखक पुढच्या प्रकरणाकडे वळला, तर खुशाल समजावे की लिहिण्याजोगे प्रकरण तो गाळून गेला.