‘डार्क सोल्स’ : काठिण्य आणि न्याय

कलाकृतीचे काठिण्य हा तिचा गुण मानावा की दोष, हा प्रश्न मराठी समीक्षेला अपरिचित नाही; नवकाव्याच्या दुर्बोधतेविषयी झालेल्या वादात तो पुरेसा गाजलेला आहे. अद्भुतरम्य भूमिकाप्रधान व्हिडिओ गेम या अर्वाचीन प्रकारात मात्र तो अधिक तीव्र रूप धारण करतो. दुर्बोध कविता वाचकाला पुढचे पान उलटण्यापासून अडवू शकत नाही. कठीण खेळ खेळाडूला पहिल्याच दाराशी थांबवू शकतो. तेव्हा अशा काठिण्याला न्यायाचे अधिष्ठान आहे की नाही, हा येथे केवळ नैतिक प्रश्न राहत नाही, तो रूपाचाच प्रश्न होतो. फ्रॉमसॉफ्टवेअर या जपानी संस्थेने २०११ साली प्रसिद्ध केलेला, हिदेताका मियाझाकी यांनी दिग्दर्शित केलेला ‘डार्क सोल्स’ हा खेळ या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. २०१२ साली संगणकासाठी निघालेल्या त्याच्या आवृत्तीला ‘प्रिपेअर टु डाय’, म्हणजे ‘मरणास सिद्ध व्हा’, असे उपनाम देण्यात आले आणि मरणांची संख्या हीच त्याची कीर्ती होऊन बसली. ही कीर्ती खेळाच्या मर्मापासून दूर नेणारी आहे.

भूमिकाप्रधान खेळांची परंपरा १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलाभोवती बसून खेळावयाच्या खेळापर्यंत मागे जाते. त्यात प्रहार लागला की चुकला, याचा निर्णय फासे करीत. संगणकावर अवतरलेल्या अनेक खेळांनीही हे दैवाधीनत्व जतन केले. ‘डार्क सोल्स’मध्ये प्रहार लागतो तो शस्त्र देहाला भिडते म्हणून. त्याचे नाते द्यूतापेक्षा मल्लविद्येशी अधिक जवळचे आहे. प्रत्येक वार, प्रत्येक हुलकावणी, ढालीवर झेललेला प्रत्येक घाव यांत खेळाडूचा दम खर्ची पडतो आणि एकदा उगारलेला हात बहुधा मागे घेता येत नाही. हेच नियम शत्रूंनाही पुष्कळ अंशी लागू आहेत. त्यांचे वारही उगारलेले आधी दिसतात आणि ढालधारी सैनिकाचा दमही संपतो. ‘सेन्स फोर्ट्रेस’ या दुर्गात झुलणारी पाती खेळाडूला कड्यावरून खाली लोटतात, तशीच ती तेथील सर्पमुखी रक्षकांनाही लोटतात. न्यायाची पहिली खूण, म्हणजे उभयपक्षी एकच कायदा, ती हीच.

दुसरी खूण पूर्वसूचनेची. खेळाच्या आरंभी बंदिवासातून सुटलेला नायक हाती तुटक्या तलवारीची मूठ घेऊन एका विशाल दालनात येतो आणि वरून एक अजस्र राक्षस त्याच्यासमोर कोसळतो. नवखा खेळाडू लढू पाहतो व मरतो. परंतु डाव्या बाजूस एक दार उघडे असते. येथे शौर्यापेक्षा अवलोकनाला मोल आहे, हा पहिला पाठ त्या दाराने दिलेला असतो. पुढे जिना चढताना वरून लोखंडी गोळा गडगडत येतो. तो अंगावर येतो खरा. पण त्याच्या आघाताने जिन्याखालची भिंत फुटते आणि तिच्यापलीकडे पडलेला एक मरणासन्न सरदार खेळाडूला जखमा भरून काढणारी कुपी देतो. जो आघात शिक्षा करतो, तोच वाट मोकळी करतो. सेनच्या दुर्गात बाणांचा वर्षाव घडविणारी शिळा जमिनीतून किंचित वर आलेली दिसते. पेटीचे रूप घेतलेला राक्षसही साखळीच्या ठेवणीवरून ओळखता येतो. फसवणूक आहे, परंतु डोळे उघडे ठेवणाऱ्याची फसवणूक नाही.

तिसरी खूण शिक्षेच्या प्रमाणाची. मरण आले म्हणजे जमविलेले आत्मे, जे या जगातील धन होत, मरणस्थळी राहतात. तेथवर पुन्हा पोहोचल्यास ते परत मिळतात. वाटेत पुन्हा मृत्यू आल्यास कायमचे जातात. शेकोटीशी विसावा घेतला की कुपी भरते, पण मारलेले बहुतेक शत्रूही पुन्हा उभे राहतात. हे कठोर आहे. तथापि उघडलेली दारे उघडीच राहतात, सापडलेली शस्त्रे हातचीच असतात. वरच्या चर्चपाशी पोहोचलेल्या खेळाडूला तेथील पाळणा थेट आरंभीच्या ‘फायरलिंक’ या देवस्थानी उतरवितो, तेव्हा इतका वेळ भयाण भासलेला प्रदेश एकाएकी ओळखीचा होतो. खेळाडूच्या ठायी जे ज्ञान साठले आहे ते तर मृत्यूही हिरावून घेऊ शकत नाही.

परंतु या सर्व नियमांना कलात्मक अर्थ येतो तो आशयाशी झालेल्या त्यांच्या एकजीवतेमुळे. या जगातील शापित माणसे मरत नाहीत. मात्र ज्याचा हेतू संपला तो ‘हॉलो’, म्हणजे पोकळ, होतो. फायरलिंकच्या शेकोटीजवळ बसलेला हताश योद्धा येणाऱ्याला मार्ग सांगतो आणि त्याच्या धडपडीला हसतो. पुढे तो जलमग्न न्यू लोंडोच्या भग्नावशेषांत पोकळ झालेला आढळतो. खेळ सोडून देणारा खेळाडू आपल्या नायकाला याच गतीला पोहोचवितो, हे कोणत्याही पात्राने बोलून दाखविण्याची आवश्यकता उरत नाही. काठिण्य येथे आशयावर चढविलेला साज नव्हे, तो आशयच आहे.

म्हणूनच या करारापासून झालेली च्युती अधिक खटकते. ‘बेड ऑफ केऑस’ या प्रसंगी पायांखालची भूमी कोणतीही खूण न देता फाटते आणि प्रचंड बाहूंचे तडाखे खेळाडूला त्या विवरात ढकलतात. हा एकच शत्रू असा की ज्याच्यावर मिळविलेला अर्धा विजय पुढील प्रयत्नातही कायम राहतो. या सवलतीत न्याय बिघडल्याची मूक कबुलीच दिसते. २०११ च्या यंत्रांवर ‘ब्लाइटटाउन’ या दलदलीच्या प्रदेशात चित्रगती मंदावत असे; तेथे खेळाडूला यंत्राच्या दोषाची शिक्षा भोगावी लागे. याहून गंभीर आक्षेप असा की सुलभ पातळी निवडण्याची सोयच येथे नाही. दूरस्थ खेळाडूंना साह्यास बोलाविता येते, चिलखत वा मंत्रविद्या यांचा आश्रय घेता येतो, हे खरे. परंतु ज्यांचे हात शारीरिक कारणाने पुरेसे चपळ नाहीत, त्यांना सर्वांना सारखाच असलेला कायदा समन्यायी वाटेलच असे नाही. कायद्याची समानता आणि न्याय या दोन गोष्टी सर्वस्वी एक नव्हेत, ही मर्यादा या कृतीच्या चाहत्यांनीही मान्य केली पाहिजे.

ही मर्यादा ध्यानी घेऊनही ‘डार्क सोल्स’चे महत्त्व उणे होत नाही. निष्ठुर खेळ रचणे अवघड नाही. शत्रूचे बळ वाढविले की ते साधते. पराभूताला आपल्या पराभवाचे कारण स्वतःच्याच कृतीत सापडावे आणि ते सापडताच पुन्हा उठावेसे वाटावे, अशी रचना दुर्मीळ असते. मरण कितीदा आले याच्या हिशेबापेक्षा प्रत्येक मरणानंतर काय दिसू लागले, याचा विचार केल्यास या कृतीचे मर्म हाती येईल.