रोटीची शिराझ आणि 'बोल्ड' हा शब्द

रोटी घाट म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे तुकोबांची पालखी येणार. पाटस सोडलं की घाट, पुढे उंडवडी, बारामती. दौंड तालुक्यातल्या याच रोटी गावी विजय मल्ल्यांच्या युनायटेड स्पिरिट्सनं 'फोर सीझन्स'ची वायनरी उभारली. नंतर ती ग्रोव्हर झाम्पाकडे गेली. तिथल्या 'बारीक रिझर्व्ह' शिराझच्या निमित्तानं आज बोलायचं आहे. बारीक म्हणजे ओक लाकडाचं छोटं पिंप, साधारण २२५ लिटरचं. शब्द फ्रेंच आहे, आपल्या बारीकशी त्याचा काही संबंध नाही!

अशा वाइनला जो तो 'बोल्ड' म्हणतो. आमची तक्रार या शब्दाबद्दल आहे. अल्कोहोलची ऊब, पिंपाचा व्हॅनिलासारखा वास आणि द्राक्षाच्या सालीतला-बीतला तुरटपणा, या तीन गोष्टी आपण एकाच पिशवीत कोंबतो. पिंप विकत मिळतं. अल्कोहोल साखरेतून येतं, आणि साखरेला आपल्या उन्हात तोटा नाही. तुरटपणा मात्र वेलीवरच पिकावा लागतो.

आता बघा, आपल्याकडे एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, आणि वाइनच्या द्राक्षाचा तोडा बहुतेक फेब्रुवारी-मार्चात. फ्रान्समध्ये हवा थंडावत जाते तसं द्राक्ष पिकतं. आपल्याकडे उलटं, ऊन चढत जातं. साखर झपाट्यानं वाढते, आंबटपणा घसरतो आणि बी कच्चीच राहते. लवकर तोडलं तर कच्च्या सुपारीसारखं तोंड आवळतं. थांबलं तर अल्कोहोल चौदा टक्क्यांकडे जातं आणि टार्टारिक आम्ल वरून घालायची वेळ येते. साखर ब्रिक्समध्ये मोजायला बांधावर हातात मावणारं यंत्र आहे. तुरटपणासाठी असलं सोपं यंत्र नाही, बी चावून बघायची. मग ही उणीव झाकायला ओकचा वास शालीसारखा पांघरला जातो आणि आपण शालीचंच कौतुक करतो.

बाटल्यांवर ब्लॅकबेरी आणि प्लम लिहिलेलं असतं. शिरूरमधल्या किती घरांत ब्लॅकबेरी आली आहे? आम्हाला अशा शिराझमध्ये आधी जांभूळ भेटतं. रंगही तोच आणि जीभ धरणंही तेच. मग खोरच्या बाजूचं सुकत आलेलं अंजीर, आणि ग्लास जरा गरम झाला की गुऱ्हाळावरची काकवी. शिराझची ओळख म्हणून सांगतात ती काळी मिरी आपल्याकडे दबलेली असते, आणि त्याला कारण आहे. मिऱ्याचा वास देणारं रोटनडोन हे द्रव्य शिराझमध्ये असल्याचं ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ साली दाखवलं. थंड जागेच्या द्राक्षात ते जास्त साठतं. म्हणजे आपल्या उन्हाची वाइन काकवीकडे झुकणार, हे धरूनच चालायचं. आमच्या मते चांगली बाटली ती, जिच्यात काकवीच्या आत जांभूळ शाबूत आहे. नुसती काकवी आणि व्हॅनिला असेल तर तो जोर आहे, दम नाही.

हे चोखंदळपणाचं बोलणं वाटेल, पण यात शेतकऱ्याचे पैसे अडकलेत. २००१ च्या राज्याच्या धोरणानंतर वाइन द्राक्षाची लागवड वाढली, आणि २००८ च्या मंदीनंतर अनेकांना त्याच बागा काढून टाकाव्या लागल्या. २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटात वाइन विकायचा निर्णय झाला, तेव्हा शिरूरच्या शेजारच्या राळेगणसिद्धीतून अण्णा हजाऱ्यांनी उपोषणाचा इशारा दिला. भांडण झालं ते दारू की शेतमाल यावर. चवीचं कुणी बोललंच नाही. गिऱ्हाईक ओकलाच गुण समजत राहिलं, तर घड विरळ करून, सावली राखून, साल पिकेपर्यंत थांबणाऱ्याला जादा भाव कोण देणार?

एक घरगुती गोष्ट. बोल्ड रेड मटणाबरोबर घ्या, असं सांगतात. आपल्या झणझणीत रश्श्याबरोबर नको. अल्कोहोलनं तिखट भडकतं आणि तुरटपणा कडवट लागतो. कमी तिखटाचं सुकं मटण घ्या, तिथे तुरटपणा मऊ पडतो. आणि 'रूम टेंपरेचर'ला प्या म्हणतात ती खोली युरोपातली, मार्चमधल्या दौंडची नव्हे. बाटली अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. अल्कोहोल मागे सरतं आणि जांभूळ आहे की नाही ते पहिल्या घोटातच कळतं.