खोळंब्याचे मोजमाप : लिनक्स कर्नलमधील ‘प्रेशर’ आकड्यांचे परीक्षण

एखाद्या साधनाची टंचाई आहे असे केव्हा म्हणावे, हा प्रश्न वरवर पाहता सोपा वाटतो. साधन संपले की टंचाई झाली, असे उत्तर कोणीही देईल. परंतु संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या बाबतीत हे उत्तर उपयोगी पडत नाही. तिच्या कारभारात मोकळी पडून राहिलेली स्मृती ही वाया गेलेली स्मृती होय. म्हणून कर्नल उरलेल्या जागेत फाइलींची पाने साठवून ठेवतो आणि अगदी निरोगी यंत्रावरही मोकळ्या स्मृतीचा आकडा लहानच दिसतो. त्याचप्रमाणे, प्रोसेसर शंभर टक्के व्यस्त असूनही कोणाचेच काम अडलेले नाही, अशी स्थिती असू शकते. तात्पर्य, टंचाई ही साधनाच्या शिलकेवरून ठरवावयाची नसून त्या साधनावाचून कामाचा किती काळ खोळंबा झाला यावरून ठरवावयास हवी.

हा विचार आकड्यांत उतरविणारी योजना लिनक्सच्या ४.२० या आवृत्तीत, डिसेंबर २०१८ मध्ये दाखल झाली. तिचे नाव ‘प्रेशर स्टॉल इन्फर्मेशन’. त्या वेळी फेसबुक कंपनीत काम करणारे योहानेस वाइनर हे तिचे प्रमुख कर्ते. या योजनेचा गौरव पुष्कळ झाला आहे आणि तो बव्हंशी योग्यही आहे. परंतु आज हे आकडे केवळ पाहण्यापुरते राहिलेले नाहीत. त्यांच्या आधारे चालू कामे मारून टाकण्याचे निर्णय आपोआप घेतले जातात. म्हणून हे आकडे नेमके काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, याची छाननी प्रस्तुत लेखात करावयाची आहे.

१

प्रथम पूर्वपीठिका पाहू. यंत्रावरील भार एका आकड्यात सांगण्याची प्रथा जुनी आहे. टेनेक्स प्रणालीच्या भार-सरासरीची नोंद १९७३ मध्ये आर्पानेटच्या टिपणांत प्रसिद्ध झालेली आढळते. या आकड्यामागील मूळ कल्पना शिरगणतीची आहे : प्रोसेसरवर चालू असलेली व त्यासाठी रांगेत उभी असलेली कार्ये मोजावयाची आणि त्यांची कालानुरूप सरासरी काढावयाची. (कर्नलच्या परिभाषेत ज्यास ‘टास्क’ म्हणतात, त्यासाठी येथे ‘कार्य’ हा शब्द योजिला आहे.)

लिनक्सने १९९३ मध्ये या गणनेत एक बदल केला. माथियास उर्लिख्स यांच्या त्या वेळच्या दुरुस्तीमागील युक्तिवाद मार्मिक होता. स्वॅपसाठी जलद डिस्कऐवजी मंद डिस्क बसविली, तर यंत्र मंदावते. पण अधिक कार्ये डिस्कपाशी अडकून प्रोसेसरची रांग ओसरत असल्याने भार-सरासरी मात्र उतरते. ही विसंगती दूर करण्यासाठी अखंडनीय निद्रेत असलेली कार्येही मोजण्यात येऊ लागली. एक विसंगती गेली, परंतु तिच्या जागी दुसरी आली. आता प्रोसेसर, डिस्क व कर्नलमधील कुलुपे या सर्वांची गर्दी एकाच आकड्यात मिसळली. भार-सरासरी आठ दिसली, तर आठ कार्ये सुखाने चालली आहेत की आठही ताटकळली आहेत, हे त्या आकड्यावरून कळावयास मार्ग उरला नाही.

स्मृतीच्या संदर्भातील अडचण याहून खोल आहे. पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये मांडलेली ‘कार्यसंच’ ही संकल्पना विद्यार्थ्यांस परिचित आहेच. एखाद्या कार्यास ठराविक काळात वारंवार लागणारी पाने स्मृतीत मावली नाहीत, तर ती बाहेर टाकण्यात व पुन्हा आणण्यातच यंत्राचा वेळ जातो. परंतु पान डिस्कवरून आणले एवढ्या घटनेवरून टंचाई सिद्ध होत नाही. नवा प्रोग्रॅम सुरू होताना पाने प्रथमच आणावी लागतात. तेथे दोष स्मृतीचा नसतो. नुकतेच बाहेर टाकलेले, वापरातील पान पुन्हा आणावे लागले तरच तो टंचाईचा पुरावा होय. नव्या योजनेने हा भेद पाळला आहे, हे तिचे पहिले श्रेय मानावे लागेल.

२

आता योजनेचे स्वरूप पाहू. प्रोसेसर, स्मृती आणि आदान-प्रदान या तीन साधनांसाठी कर्नल तीन स्वतंत्र फाइली दाखवितो. प्रत्येकीत ‘सम’ व ‘फुल’ या शीर्षकांच्या ओळी असतात. त्यांना आपण आंशिक व पूर्ण खोळंबा म्हणू. प्रत्येक ओळीत शेवटच्या १०, ६० व ३०० सेकंदांची टक्केवारी आणि आरंभापासूनच्या खोळंब्याची मायक्रोसेकंदांतील बेरीज असते.

एकाच प्रोसेसरचे यंत्र घेऊ. त्यावर दोन कार्ये असून त्यांचे निरीक्षण १० सेकंद चालले आहे. पहिले कार्य दुसऱ्या सेकंदापासून पाचव्यापर्यंत स्मृतीसाठी अडले. दुसरे चौथ्यापासून सातव्यापर्यंत. दुसऱ्यापासून सातव्यापर्यंत सतत कोणी ना कोणी अडलेले होते; म्हणून आंशिक खोळंबा ५ सेकंदांचा, म्हणजे ५० टक्के झाला. दोन्ही कार्ये एकदम अडली तो काळ चौथ्या ते पाचव्या सेकंदाचा. म्हणून पूर्ण खोळंबा १० टक्के झाला. पहिला आकडा कोणाचे तरी काम लांबल्याचे सांगतो, दुसरा यंत्र वाया गेल्याचे सांगतो.

येथे झालेला खरा बदल परिमाणाचा आहे. शिरगणतीच्या जागी गमावलेला वेळ आला. वेळ हे असे परिमाण आहे की ते वापरकर्त्याच्या अनुभवाशी थेट जुळते आणि दोन भिन्न यंत्रांवरही काही अर्थ राखते. या दृष्टीने ही योजना भार-सरासरीपेक्षा श्रेष्ठ आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही.

३

परंतु एकाहून अधिक प्रोसेसर आले की पहिला आक्षेप उभा राहतो. कर्नलच्या उगमसंहितेतील टिपणात दिलेली गणना अशी : निष्क्रिय नसलेल्या कार्यांची संख्या व प्रोसेसरांची संख्या यांतील लहान संख्या हा छेद धरावयाचा. अडलेल्या कार्यांच्या संख्येस त्या छेदाने भागून येणारे प्रमाण, कमाल एकपर्यंत, हा आंशिक खोळंबा. त्याच छेदातून चालू कार्ये वजा करून उरणारे प्रमाण हा पूर्ण खोळंबा. त्या टिपणातीलच उदाहरणे पाहावीत. २५६ प्रोसेसरांवर २५७ गणनकार्ये असता प्रोसेसरचा आंशिक खोळंबा ०.४ टक्के येतो आणि तो समंजस आहे. त्याच यंत्रावर चारच कार्ये असून त्यांपैकी एक स्मृतीसाठी अडले, तर आंशिक खोळंबा २५ टक्के आणि पूर्ण खोळंबाही २५ टक्के येतो.

कर्नलची अधिकृत माहिती ‘फुल’ या ओळीचा अर्थ मात्र असा देते की, सर्व सक्रिय कार्ये एकाच वेळी अडलेली असण्याच्या काळाचा तो हिस्सा होय. वरील उदाहरणात तीन कार्ये अव्याहत चालू आहेत. सर्व कार्ये एकदम अडली, असा एक क्षणही तेथे नाही. तरी आकडा २५ आहे. म्हणजे बहुप्रोसेसर यंत्रावर हा आकडा काळाचा हिस्सा न राहता गमावलेल्या उत्पादनक्षमतेचा हिस्सा होतो. आमच्या मते गणना योग्य असून व्याख्या अपुरी आहे. क्षमतेचा हिस्सा हीच अधिक उपयुक्त राशी होय. तथापि ज्याने केवळ व्याख्या वाचली आहे, तो २५ टक्क्यांवरून ‘यंत्र पाव वेळ संपूर्ण ठप्प होते’ असा निष्कर्ष काढील, आणि तो चुकेल.

दुसरा आक्षेप गणनेच्या व्याप्तीविषयी आहे. कर्नलमध्ये ज्या ठिकाणी खूण केली आहे, तेवढीच प्रतीक्षा मोजली जाते. समजा, एक कार्य स्मृतीसाठी अडले असून त्याच्या हाती कर्नलमधील एक कुलूप आहे. त्या कुलपासाठी आणखी नऊ कार्ये थांबली आहेत. अकरावे कार्य स्वतंत्रपणे चालू आहे, आणि प्रोसेसर मुबलक आहेत. ती नऊ कार्ये या गणनेत निष्क्रिय ठरतात; म्हणून दोघांपैकी एक अडले, असे धरून ५० टक्के हा आकडा येतो. वस्तुतः अकरांपैकी दहा कार्ये त्या एकाच टंचाईपायी थांबली आहेत. गमतीची गोष्ट ही की, जिला आपण सदोष म्हटले त्या भार-सरासरीत ही नऊ कार्ये मोजली गेली असती. तेव्हा नवे माप आले म्हणून जुने टाकून देणे शहाणपणाचे नाही.

तिसरा आक्षेप लहान पण उद्बोधक आहे. वापरातील पान पुन्हा डिस्कवरून आणताना होणारी प्रतीक्षा स्मृतीच्या आणि आदान-प्रदानाच्या अशा दोन्ही फाइलींत नोंदली जाते. म्हणून या दोन टक्केवाऱ्यांची बेरीज करणे गैर होय. तसेच संपूर्ण यंत्राच्या पातळीवर प्रोसेसरच्या पूर्ण खोळंब्यास अर्थच नाही. कार्ये प्रोसेसरसाठी थांबली आहेत, याचा अर्थ त्यावर दुसरे कोणी चालू आहे. ही ओळ ५.१३ या आवृत्तीपासून दिसू लागली आणि पुढे जुन्या प्रोग्रॅमांच्या सोयीसाठी तेथे शून्य ठेवण्यात आले. हे शून्य मोजून आलेले नाही. मोजलेले शून्य आणि रिकाम्या जागी भरलेले शून्य यांतील फरक ज्या तक्त्यात दिसत नाही, त्या तक्त्यावर संशोधकाने अधिक सावधपणे विसंबावे.

४

हे आक्षेप केवळ पंडिती वाटण्याचा संभव आहे. परंतु २०१९ मधील ५.२ या आवृत्तीपासून ठराविक मर्यादा ओलांडताच प्रोग्रॅमास इशारा मिळण्याची सोय झाली. अँड्रॉइड १० पासून फोनमधील स्मृती अपुरी पडली असता कोणते ॲप बंद करावयाचे, याचा निर्णय घेणारी यंत्रणा हा इशारा वापरू लागली. २०२० मध्ये सिस्टिमडी २४७ बरोबर आलेली यंत्रणाही याच मार्गाची आहे. तिच्या मूळ मांडणीत स्मृतीचा खोळंबा ६० टक्क्यांवर ३० सेकंद टिकला की कारवाई होते. कर्नलची स्वतःची जुनी व्यवस्था स्मृती मिळण्याची आशा सुटेपर्यंत थांबते. तोवर पडदा गोठून वापरकर्ता हतबल झालेला असतो. त्या मानाने ही सुधारणा मोठी आहे, हे मान्य करावयास हवे.

तरी एक गोष्ट विसरता कामा नये. खोळंब्याचा आकडा पीडित कोण हे सांगतो, अपराधी कोण हे सांगत नाही. शेजारच्या गटाने स्मृती बळकावली म्हणून ज्याची पाने बाहेर फेकली गेली, त्या गटाचा खोळंबा वाढतो. केवळ त्यावरून शिक्षा दिली, तर ज्याच्या घरी चोरी झाली त्यालाच तुरुंगात टाकल्यासारखे होईल. उपर्युक्त यंत्रणेच्या कर्त्यांना याची जाणीव दिसते. कारवाई केव्हा करावयाची हे ती खोळंब्यावरून ठरविते. परंतु त्या गटाच्या पोटातील कोणास प्रथम मारावयाचे हे स्मृती परत मिळविण्याची धडपड कोणापायी अधिक झाली, यावरून ठरविते. हा भेद योग्य आहे. मात्र ही दुसरी कसोटीही अनुमानच आहे, पुरावा नव्हे.

विद्यार्थ्यांनी आपल्या प्रबंधांत हे आकडे अवश्य वापरावेत. परंतु काही पथ्ये पाळावीत. सरासरीऐवजी प्रयोगाच्या आरंभीची व अखेरची बेरीज नोंदवून त्यांतील फरक द्यावा. कारण एक दशांश सेकंदाचा धक्का १० सेकंदांच्या सरासरीत एक टक्का होऊन विरून जातो. प्रोसेसरांची व सक्रिय कार्यांची संख्या आकड्याशेजारी लिहावी. तिच्यावाचून ‘पूर्ण’ या शब्दास निश्चित अर्थ नाही. स्मृती व आदान-प्रदान यांची बेरीज करू नये. कुलपांमागील प्रतीक्षा वेगळ्या साधनाने तपासावी.

एकंदरीत पाहता, या योजनेने प्रश्न अचूक विचारला आहे, आणि अर्धशतकाच्या शिरगणतीनंतर ही गोष्ट सामान्य नव्हे. उत्तर मात्र तिने जेवढ्या ठिकाणी खुणा केल्या आहेत, तेवढ्यापुरतेच मिळते. ही मर्यादा ध्यानात ठेवून जो ते वाचील, त्याला हे माप उपकारक ठरेल. जो ते न वाचताच कारवाईच्या हवाली करील, त्याच्या यंत्रावर निरपराध कामे मरतील आणि तक्त्यात सर्व काही ठीक दिसत राहील.