क्लिक केलं तेव्हा कंट्रोल दाबलेलं होतं का?

आलेखावर माऊसने बिंदू निवडायचे आणि कंट्रोल दाबून क्लिक केलं की तो बिंदू वगळायचा: मॅटप्लॉटलिबमध्ये असा छोटा प्रोग्रॅम तुमच्यापैकी अनेकांना पीएचडीत लिहावा लागेल. क्लिकच्या वेळी कंट्रोल दाबलेलं होतं का, हे त्यात तपासावंच लागतं.

मॅटप्लॉटलिब याची दोन उत्तरं देतं, आणि माझी तक्रार तिथेच आहे. जुनं उत्तर म्हणजे माऊस-इव्हेंटमधलं ‘की’. नावावरून वाटतं, की ते क्लिकच्या क्षणाची स्थिती सांगतंय. प्रत्यक्षात आलेखाच्या खिडकीला कीबोर्डबद्दल शेवटचं जे कळलं, तेच ते सांगतं. समजा, तुम्ही कंट्रोल दाबून एक बिंदू वगळलात, तसंच दुसऱ्या खिडकीत गेलात आणि कंट्रोल तिथे सोडलंत. आलेखाला याचा पत्ताच नाही. परत येऊन साधं क्लिक केलंत, की चांगला बिंदूही गेला!

दुसरं उत्तर ‘मॉडिफायर्स’. यात शिफ्ट, कंट्रोल, ऑल्ट यांची स्थिती क्लिकसोबतच येते, त्यामुळे खिडकी बदलल्याने बिघडत नाही. अक्षरांची बटणं मात्र यात कळत नाहीत. हा सगळा फरक मॅटप्लॉटलिबच्या माहितीपानांत स्पष्ट लिहिलाय, हे मान्य. पण ‘की’ हे इतकं साधं नाव दिसल्यावर माहितीपान उघडतो कोण?

पार्ल्याहून पवई काही लांब नाही. तिथल्या आयआयटीतले प्राध्यापक प्रभू रामचंद्रन यांनी घडवलेलं ‘मायावी’ बघा. त्यात माऊसने ओढलं की त्रिमितीय दृश्य फिरतं, शिफ्ट धरून ओढलं की सरकतं. तिथे शिफ्ट ओळखण्यात गडबड झाली तर डोळ्यांना लगेच दिसेल. बिंदू वगळताना तशी सोय नाही. सरासरी गुपचूप बदलते आणि आलेख उलट जास्तच नीटनेटका दिसतो. धोका तोच आहे.

म्हणून तीन गोष्टी करा. ‘मॉडिफायर्स’च तपासा. कंट्रोलऐवजी शिफ्ट वापरा, कारण मॅकवर कंट्रोल-क्लिक म्हणजे उजवं क्लिक. आणि वगळलेला बिंदू पुसू नका, त्यावर लाल फुली मारा. प्रत्येक क्लिकचा बिंदू, वेळ आणि दाबलेली की फाइलमध्ये नोंदवा. उद्या गाइडनी विचारलं, “हे 3 बिंदू का काढलेस?” तर “चुकून गेले असतील” हे उत्तर चालत नाही.