निबंधातला 'मी' कोणाचा?

जळगाव-धुळ्याच्या शाळांत 'दिवाळीची सुट्टी' हा निबंध आम्ही वर्षानुवर्षे लिहिला. त्यातला 'मी' मामाच्या गावी जाई, करंज्या खाई. खानदेशात दिवाळी म्हणजे कापूस वेचणीचा हंगाम. किलोवर मजुरी घेणारा 'मी' निबंधमालांत नव्हताच. कच्च्या वहीत अहिराणीतून उतरलेले 'येचाले' पक्क्या वहीत 'वेचायला' होई, आणि त्याबरोबर वावर, वजनकाटा, आईची फाटलेली बोटेही गळत. शुद्धलेखनाचा आग्रह शब्दापाशी थांबत नसतो. तो अनुभवच तपासू लागतो.

याविरुद्ध मुक्ता साळवेचा निबंध ठेवून पाहावा. जोतिराव-सावित्रीबाईंच्या पुण्यातील शाळेतली ही मातंग विद्यार्थिनी. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध 'ज्ञानोदय'ने १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये छापला. तिचा 'मी' 'आम्ही'त मिसळलेला आहे. वेद आमचे नव्हेत, तर मग आमचा धर्म कोणता, हा प्रश्न ती आधी टाकते. पेशवाईतला जुलूम सांगते. आणि छपराविना बाळंत होणाऱ्या बायांचे हाल वाचकाने स्वतःच्या अनुभवावरून ताडावेत, असे बजावते. म्हणजे वाचकालाच साक्षीला उभे करते! अनेकांना इथे फक्त आक्रोश ऐकू येतो. मला युक्तिवाद दिसतो, आणि तोही चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीचा.

तरीही हा निबंध बहुधा इतिहासाचा पुरावा म्हणूनच उद्धृत होतो. निबंध कसा रचावा याचा नमुना म्हणून आठवी-नववीच्या वर्गात तो वाचायला शिक्षकांची कोणती हरकत आहे?